आधी वॉट मोजा, पंखा नंतर: उपकरणांची वीज आणि उष्णता सांभाळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

एप्रिल लागला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. एक कूलरची मोटर शोधणारी. दुसरी पाठीला सॅक लावून येणारी आणि "काका, बारा व्होल्टचा फॅन द्या, सर्किट तापतंय" म्हणणारी. काका फॅन देतात. सर्किट का तापतंय हे विचारायचं काम काकांचं नाही.

हा लेख त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, डिप्लोमा करत असाल किंवा नोकरी सांभाळून घरी काहीतरी जोडत बसायची हौस असेल, आणि कमी तापणारं, कमी वीज खाणारं काहीतरी नवं करून दाखवायचं डोक्यात असेल, तर सुरुवात कुठून करायची ते क्रमानं सांगतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: उष्णता म्हणजे वाया गेलेल्या विजेचा हिशेब. तो कागदावर मांडल्याशिवाय पंखा, हीट सिंक (उष्णता पसरवणारा धातूचा पात्यांचा तुकडा), पेल्टिअर (विजेवर थंड होणारी चकती) यातलं काहीही विकत घेऊ नका.

उदाहरणादाखल एक डबा धरू. सोसायटीच्या गच्चीवर टाकीशेजारी लावायचा, पाण्याची पातळी मोजून खालच्या पंपाला निरोप धाडणारा. आत एक ईएसपी-३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा प्रोसेसर), पातळीचा सेन्सर आणि छोटा फोरजी मोडेम. खालून १२ व्होल्टची वायर येते. आतल्या मंडळींना ५ व्होल्टवर सरासरी ०.८ अँपिअर लागतात.

पायरी पहिली: हिशेब

५ व्होल्ट गुणिले ०.८ अँपिअर म्हणजे ४ वॉट. हे काम करणाऱ्या भागांचं जेवण. रेडिओ लहरींतून बाहेर जाणारा किरकोळ भाग सोडला तर हे चारही वॉट शेवटी डब्यात उष्णता होऊनच उरतात.

आता १२ चे ५ व्होल्ट कसे करणार? नवखा माणूस डोळे मिटून ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर उचलतो. तीन पायांचा, स्वस्त, कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळलेला. पण हा रेग्युलेटर वरचे ७ व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो. ७ गुणिले ०.८, म्हणजे ५.६ वॉट. काम ४ वॉटचं आणि ते करून देणाऱ्याची दलाली ५.६ वॉट!

पुढचं गणित त्याच्या डेटाशीटमधून, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातून येतं. ७८०५ च्या नेहमीच्या टीओ-२२० आकारात, हीट सिंक नसताना, आतल्या सिलिकॉनपासून भोवतालच्या हवेपर्यंतचा औष्णिक रोध साधारण ६५ अंश प्रति वॉट असतो. म्हणजे दर वॉटमागे आतलं तापमान भोवतालापेक्षा ६५ अंशांनी चढणार. ५.६ ला ६५ ने गुणलं तर साडेतीनशेच्या वर जातं. अर्थात तिथपर्यंत तो पोचत नाही. आतलं संरक्षण आधीच जागं होतं, रेग्युलेटर बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो, पुन्हा तापतो. वरून दिसतं एवढंच, की बोर्ड दर थोड्या वेळानं रिसेट होतोय. मग मुलं चार रात्री प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात.

हीट सिंक लावू म्हणाल, तर तोही हिशेब करू. डब्यातली हवा मे महिन्यात ५० अंश धरा. सिलिकॉन ११० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवा. डेटाशीटची मर्यादा १२५ असते, थोडी जागा हाताशी ठेवलेली बरी. हातात आहेत ६० अंश. ६० भागिले ५.६ म्हणजे एकूण रोध १०.७. त्यातले ५ सिलिकॉनपासून धातूच्या पाठीपर्यंत जातात, अर्धा हीट सिंकखाली लावायच्या पेस्टमध्ये. उरले ५.२. म्हणजे ५ अंश प्रति वॉटच्या आसपासचा, तळहाताएवढा पात्यांचा हीट सिंक हवा. काउंटरवर बरणीत भरून ठेवलेले ते छोटे क्लिपवाले हीट सिंक सहसा १५-२० च्या घरातले असतात. ते लावून मनाला बरं वाटेल, एवढंच.

आणि हा मोठा हीट सिंक बंद डब्याच्या आत बसवलात तर? तो उष्णता आतल्याच हवेत सोडणार. ५० अंश धरलेली हवा आणखी तापणार आणि वरचं सगळं गणित बिघडणार. हीट सिंक उष्णता नाहीशी करत नाही, पुढच्या माणसाच्या हवाली करतो. पुढे कोणी नसेल तर काय उपयोग?

पायरी दुसरी: मुळातच कमी जाळा

७८०५ काढा आणि त्या जागी बक कन्व्हर्टर लावा. हा व्होल्टेज अंगावर घेत नाही. सेकंदाला हजारो वेळा स्विच उघड-बंद करतो आणि कॉइलमध्ये ऊर्जा साठवून हवी तेवढी पुढे सोडतो. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ४ वॉट द्यायला तो सुमारे साडेचार वॉट घेतो. स्वतःत जाळतो अर्धा वॉट. ५.६ वरून अर्ध्यावर! डब्यातली एकूण उष्णता ९.६ वॉटची साडेचार झाली, तीही पंखा न लावता. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

या युक्तीला बराच इतिहास आहे. १९७७ साली ॲपल-२ संगणक आला तेव्हा त्यात रॉड होल्ट यांनी बनवलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा होता. जड ट्रान्सफॉर्मर आणि तापणारा रेग्युलेटर टळल्यामुळे संगणक लहान, हलका आणि पंख्याशिवाय ठेवता आला. तत्त्व त्यांच्या आधीपासून माहीत होतं. घरगुती यंत्रात ते परवडेल असं बसवणं हे काम होतं. शोध म्हणजे दर वेळी नवं भौतिकशास्त्र असतं असं नाही, हे इथे ध्यानात ठेवा, कारण पेटंटच्या पायरीवर ते पुन्हा लागेल.

बाजारात एलएम-२५९६ चं निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. माझा सल्ला असा, की दीड अँपिअरच्या वर त्याच्याकडून अपेक्षा धरू नका. बऱ्याच मॉड्यूलवरची चिप अस्सल नसते, कॉइल तोकडी असते, आणि असलं मॉड्यूल पूर्ण भारावर शिट्टी मारत तापतं. जोडण्याआधी मल्टिमीटर लावून छोट्या स्क्रूनं बरोबर ५ व्होल्ट करून घ्या. मॉड्यूल १२ व्होल्टवर उघडं फिरलेलं असेल आणि तसंच जोडलंत, तर ईएसपी-३२ ला श्रद्धांजली वाहावी लागेल.

मोडेमकडे वेगळं लक्ष द्या. सरासरी ०.८ अँपिअर असली तरी निरोप सुटतो त्या क्षणी तो एकदम जास्त ओढतो. त्याच्या पायांजवळ हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवा, वायर जाड आणि आखूड ठेवा. लोक इथे ॲडॉप्टर बदलत बसतात, आणि दोष दीड फूट लांब केसासारख्या वायरचा असतो.

यानंतर बोर्डाला झोपवा. टाकीतलं पाणी दर सेकंदाला मोजायची गरज काय? दर पाच मिनिटांनी उठून मोजलं तरी भागतं. ईएसपी-३२ ची चिप गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर राहते, आणि वायफायवर बोलताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर खाते. पण तयार बोर्ड झोपला तरी त्यावरचा यूएसबी चिप, रेग्युलेटर आणि तो लाल दिवा जागेच असतात. दिवा काढून टाका. मोडेमचा पुरवठा मॉसफेटनं (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचनं) तोडा. तो झोपेतही बराच खातो.

जागेपणीसुद्धा प्रोसेसरचा वेग कमी करता येतो. चिपमधली शक्ती वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरलं तर शक्ती ६४ टक्क्यांवर येते. मोबाइल आणि लॅपटॉपमधले प्रोसेसर कामाप्रमाणे वेग आणि व्होल्टेज एकत्र वर-खाली करतात ते याच सूत्रावर. ईएसपी-३२ मध्ये तुमच्या हातात फक्त वेग आहे, पण २४० वरून ८० मेगाहर्ट्झवर आणलात तरी वायफाय चालतं आणि पाणी मोजायला ८० रगड झाले.

पायरी तिसरी: ऊन

पुण्यातले बरेच प्रोजेक्ट इथे आपटतात, कारण लॅबमध्ये ऊन नसतं.

डब्याचं वरचं झाकण २० बाय १५ सेंटिमीटरचं धरा, म्हणजे ०.०३ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या भर दुपारी स्वच्छ आकाशातून दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. त्या झाकणावर ३० वॉट! आपण इतका वेळ ५.६ वॉटवर वाद घालत होतो. डबा काळा किंवा गडद राखाडी असेल तर त्यातले बहुतेक शोषले जातात. काही भाग बाहेरच्या वाऱ्यात परत जातो हे खरं, पण डब्यातल्या सगळ्या सर्किटपेक्षा मोठा हीटर डोक्यावर बसलेला असतो हेही खरं.

म्हणून शीतकरणाचं पहिलं साधन सावली. पांढरा डबा घ्या. टाकीच्या उत्तरेला लावा. त्यावर चार बोटं अंतर सोडून पत्र्याचा किंवा ॲक्रिलिकचा दुसरा तुकडा आडवा बसवा, मधून हवा खेळती राहील असा. वरचा पत्रा तापतो, खालचा डबा सावलीत राहतो. एवढ्यात जे साधतं ते पंख्यानं साधायला बॅटरी, छिद्रं आणि पावसाळ्यातली डोकेदुखी लागते.

सावलीत मिळालेला डबा किती तापेल याचा अंदाज बांधता येतो. बंद प्लास्टिकच्या डब्याला दर चौरस मीटरमागे, दर अंशामागे ४ ते ५ वॉट बाहेर टाकता येतात, असा ढोबळ आकडा धरा. आपला डबा १० सेंटिमीटर उंच असेल तर सगळ्या बाजू मिळून ०.१३ चौरस मीटर होतात. साडेचार वॉटला आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे ८ अंशांनी चढेल. जुन्या ९.६ वॉटला १६ अंशांनी. बाहेर ४० असेल तर आत ४८ किंवा ५६. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या बाबतीत १० अंश कमी म्हणजे आयुष्य साधारण दुप्पट असा संकेत आहे, तेव्हा या ८ अंशांची किंमत ओळखा.

बॅटरी आत ठेवणार असाल तर आकडे आणखी कडक होतात. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन चार्जिंग थांबवतो तेव्हा तो हेच पाळत असतो. तुमच्या डब्यात हे पाळणारं कोणी नाही. स्वस्त टीपी-४०५६ चार्जिंग मॉड्यूलवर तापमान ओळखायची पिन सहसा ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते. एक थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रोधक) लावा आणि तापमान चढलं की चार्जिंग तोडा. जुन्या बाजारातून आणलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल गच्चीवर ठेवू नका. जुन्या बाजारातून ॲम्प्लिफायरचे हीट सिंक मात्र खुशाल आणा, नव्यापेक्षा दणकट मिळतात.

पायरी चौथी: उष्णतेला वाट करून द्या

समजा मोडेम तरीही तापतोय. आता हीट सिंकची वेळ आली. चिप आणि धातू दोन्ही वरून गुळगुळीत दिसतात, पण भिंगाखाली दोन्ही खडबडीत असतात आणि मधल्या फटींत हवा अडकते. ॲल्युमिनिअम हवेपेक्षा हजारो पटींनी चांगली उष्णता वाहतं, म्हणून ती हवा हाकलायला पेस्ट लागते. हेतू फटी भरण्याचा आहे, थर देण्याचा नाही.

पेस्ट नीट बसली का हे पाहायचं तर हीट सिंक दाबून लावा आणि सरळ वर उचलून ठसा बघा. दोन्ही बाजूंना पातळ, अर्धपारदर्शक, सगळीकडे सारखा ठसा उमटला असेल तर उत्तम. मध्ये पांढरा जाड डोंगर आणि एका कडेला कोरडी चंद्रकोर दिसली तर हीट सिंक तिरका बसतोय. स्क्रू आळीपाळीनं आवळा. कडेनं पेस्ट ओघळली असेल तर जास्त झाली, पुसा. ठसा बघून झाल्यावर जुनी पेस्ट तशीच ठेवून परत चिकटवू नका, हवेचे बुडबुडे राहतात. पुसून नवी लावा.

तापणाऱ्या भागाची धातूची पाठ आणि हीट सिंक यांच्यात विजेचा संपर्क नको असेल तर अभ्रकाची चकती किंवा सिलिकॉन पॅड मध्ये घाला, आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर विसरू नका. अभ्रक घालून लोखंडी स्क्रूनं पुन्हा शॉर्ट करणारे दरवर्षी भेटतात.

हीट सिंकची पाती उभी ठेवा. गरम हवा वर जाते. पाती आडवी असली की ती अडते. काळा ॲनोडाइज्ड हीट सिंक चकचकीतपेक्षा चांगला, कारण तो प्रारणानंही उष्णता टाकतो. उन्हात मात्र हाच काळा रंग उलटा पडतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे डब्याची मागची भिंतच ॲल्युमिनिअमची करून तापणारा भाग तिला आतून चिकटवणं. भोसरीच्या औद्योगिक भागात असे पत्रे कापून, वाकवून देणारे छोटे कारखाने आहेत.

लांबवर उष्णता न्यायची असेल तर हीट पाइप. जुना लॅपटॉप उघडलात तर चपटी तांब्याची नळी दिसेल तीच. आत थोडं द्रव असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते, आणि आतल्या सच्छिद्र थरातून केशाकर्षणानं परत येते. ना पंप, ना हलणारा भाग. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती घडवून दाखवली, आणि पुढे अंतराळयानांपासून लॅपटॉपपर्यंत ती पोचली. पण जनरल मोटर्सच्या गॉगलर यांना याच कल्पनेवर १९४४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालेलं होतं. कल्पना कागदावर वीस वर्षं पडून होती. पेटंट शोधायला बसाल तेव्हा हा प्रसंग आठवा.

पेल्टिअरबद्दल दोन कडू शब्द

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनात पेल्टिअरचा कूलर असतोच. १८३४ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेल्टिअर यांना दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज एका दिशेनं गेली की जोड थंड होतो आणि उलट दिशेनं गेली की गरम. आज ४ सेंटिमीटरची चौकोनी टीईसी-१-१२७०६ चकती दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते, हात लावला की बर्फासारखी गार लागते, आणि बघणारा खूश होतो.

मग गरम बाजू बघा. १२ व्होल्टवर ही चकती ५०-६० वॉट खाते. थंड बाजूकडून समजा २० वॉट उचलले, तर गरम बाजूला ते २० आणि स्वतःचे ५०, असे ७० वॉट टाकावे लागतात. म्हणजे २० वॉटचा प्रश्न सोडवायला ७० वॉटचा हीट सिंक. शिवाय थंड बाजूवर पावसाळ्यात दव धरतं, आणि ते टपकतं थेट सर्किटवर. लेझर डायोड, कॅमेऱ्याचा सेन्सर, प्रयोगशाळेतली नळी, असा छोटा भाग भोवतालापेक्षा थंड ठेवायचा असेल तर पेल्टिअरला पर्याय नाही. गच्चीवरच्या डब्याला भोवतालापेक्षा थंड राहायची गरजच नाही.

पंखा

आता घ्या, हवाच असेल तर. किती हवा लागते ते आधी काढा: वॉटला परवडणाऱ्या तापमानवाढीनं भागा आणि १.७६ नं गुणा, उत्तर घनफूट प्रति मिनिटात येतं. ५ वॉट आणि ५ अंश वाढ म्हणजे पावणेदोन घनफूट. सर्वांत लहान पंखाही याहून जास्त देतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवा किंचित विरळ आहे, पण तेवढ्यानं काही बिघडत नाही.

पंखा खाली हवा आत ढकलेल असा आणि बाहेर जायचं भोक वर, छपरीखाली ठेवा. आत ढकलणाऱ्या पंख्याला जाळी-फिल्टर लावता येतो. बाहेर ओढणारा असला की प्रत्येक फटीतून धूळ आत येते. पुण्यात बांधकामं कुठे चालू नाहीत? फिल्टर दर महिन्याला झटकायचा नसेल तर पंखाच नको. भोकांतून मुंग्या आणि पाली येतात, रिलेच्या पट्ट्यांत मुंग्या चिरडून संपर्क तुटतो, म्हणून बारीक स्टीलची जाळी लावा. बंद डबा ठेवणार असाल तर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा ब्रीदर व्हेंट लावा. नाहीतर वळवाच्या सरीनं तापलेला डबा एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

चार वायरच्या पंख्याचा वेग २५ किलोहर्ट्झच्या पल्सनं बदलता येतो. दोन वायरचा असेल तर ५० अंशांना चालू, ४३ ला बंद, असं अंतर ठेवा. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवलात तर तो दिवसभर उचक्या देत बसेल. शेवटी पंख्याची पिन काढून भर उन्हात तासभर चालवून बघा. पंख्याशिवाय जगत नसेल असा डबा गच्चीवर चढवू नका, कारण पंखा कधीतरी बंद पडणारच.

पाण्यानं थंड करायची गोष्ट निघते म्हणून सांगतो. पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. त्याचे प्रोसेसर थेट चिपवर बसवलेल्या पट्ट्यांतून फिरणाऱ्या द्रवानं थंड ठेवले जातात. हजारो कोअर एका खोलीत दाटीनं बसवले की हवेला ते काम झेपत नाही. तुमच्या चार वॉटना पाणी म्हणजे फक्त गळतीला निमंत्रण.

मोजमाप करायची पद्धत

आकडे नसतील तर शोध नाही, नुसता दावा आहे. एक मल्टिमीटर, तापमान मोजणारी के प्रकारची थर्मोकपल वायर आणि यूएसबी किंवा डीसी वॉटमीटर एवढं पुरतं. लेझरवाला थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनिअमवर तो हमखास फसवतो. पृष्ठभाग फार कमी प्रारण सोडतो आणि आरशासारखा खोलीचंच तापमान परत दाखवतो. मीटर ३४ दाखवतो आणि बोट लावलं तर चटका बसतो. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, टेपवर रोखून वाचा.

नुसतं तापमान लिहू नका, भोवतालापेक्षा किती चढलं ते लिहा. जानेवारीत घेतलेले ४१ अंश आणि मेमधले ५८ यांची तुलना होत नाही. चढ मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखा येतो. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या आणि सलग तीन नोंदींत आकडा हलला नाही की तो धरा. बंद डब्याला यासाठी तास-दीड तास लागतो.

मग तुमची कल्पना नवी आहे का?

इथवर आलात तर साखळीतला कुठला दुवा कच्चा आहे ते तुम्हाला कळलं असेल: जळणं, फट, भिंत, ऊन, की बाहेरची हवा. नव्या कल्पना अशा एखाद्या दुव्यावरच बसतात. आता शोधा. गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट फुकट आहेत, भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं इनपास आहे. नुसते शब्द टाकून शोधू नका, वर्गक्रमांक टाका, रोमन अक्षरांत. उपकरणांचं शीतकरण एच०५के ७/२० मध्ये, संगणकाचं शीतकरण जी०६एफ १/२० मध्ये, त्याचा वीजपुरवठा १/२६ आणि वीजबचत १/३२ मध्ये, कन्व्हर्टर एच०२एम मध्ये. एका संध्याकाळी पेटंटमधले पन्नास दावे वाचलेत तर तुमची निम्मी कल्पना गळून पडेल. उरलेल्या अर्ध्यावर काम करा.

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३ आधी वाचा. माहीत असलेली साधनं, जी आपापलं काम स्वतंत्रपणे करतात, ती नुसती शेजारी मांडली तर तो शोध धरला जात नाही. एका डब्यात पंखा, हीट सिंक आणि पेल्टिअर कोंबणं यात मोडतं. निव्वळ संगणक प्रोग्रॅमही बाहेर आहे. पण दोन भागांनी एकत्र येऊन सुट्यांना न जमणारं काही केलं आणि ते तुमच्या मोजमापांत दिसलं, तर बोलायला जागा आहे.

महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आहे. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज करता येतो; पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडल्यात जमा होतो. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती वेगळ्या फीसह स्वतः करावी लागते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तिची मुदत ३१ महिन्यांची आहे. पेटंट मिळालं तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पुढे वकील, उत्तरं, वार्षिक फी यांचा खर्च १६०० च्या कितीतरी पट होतो, तेव्हा घरी आधी बोलून घ्या.

क्रम चुकवू नका. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडायच्या, व्हिडिओ चढवायच्या किंवा पेपर पाठवायच्या आधी प्रोव्हिजनल दाखल झाला पाहिजे. कायद्यात काही ठरावीक अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. अर्जात डब्याची मापं, भागांची जागा, वॉट, भोवतालचं तापमान आणि चढ यांचा तक्ता द्या, आणि तीच मोजणी तुमची युक्ती काढून टाकून पुन्हा केलेली असू द्या. दोन्ही तक्ते एकाच दिवशी, एकाच गच्चीवर घेतलेले असावेत.